डोंगरावरचा आनंद आणि आपला हक्क

जुलै-ऑगस्टमध्ये शाळांना सुटी लागली की आपल्या घरोघरी एकच विषय निघतो : यंदा सहलीला कुठे जायचे? दिमोना, लोद, अश्दोदच्या उकाड्यात वर्षभर राबणाऱ्या माणसाला चार तास गार वारा आणि झाडाची सावली हवीशी वाटावी, हे साहजिकच आहे. डबे भरले जातात, कोळशाची पिशवी गाडीत पडते आणि मंडळी कार्मेलच्या राष्ट्रीय उद्यानाकडे निघतात. हा आनंद घ्यावा की नाही, हा प्रश्नच नाही. प्रश्न आहे तो असा : डोंगराचा आनंद घेताना त्याच्यावर आपला हक्क किती?

कार्मेल आपल्याला परका नाही. उंचीने तो साडेपाचशे मीटरही भरत नाही. पण तो एलियाहू हन्नबीचा डोंगर आहे. अलिबागजवळच्या खंडाळे गावी खडकावर त्याच्या रथाच्या खुणा उमटल्या, अशी आपल्या वाडवडिलांची श्रद्धा. त्याच्या नावाने आपण आजही मलिदा करतो. म्हणून आपल्या प्रश्नाचे उत्तर शोधायला मलिद्याच्या ताटापासूनच सुरुवात करू.

त्या ताटात गोड पोहे असतात, फळे असतात आणि सुवासिक फूल किंवा पानही असते. प्रत्येकावर आधी आशीर्वाद म्हणायचा, मग त्याचा आस्वाद घ्यायचा. आशीर्वाद न म्हणता या जगातल्या वस्तूचा उपभोग घेणे ही एक प्रकारची चोरीच, असे आपल्या विद्वानांनी तलमूदात सांगून ठेवले आहे. म्हणजे उपभोगाला मनाई नाही. मात्र वस्तू दुसऱ्याची आहे याची आठवण ठेवूनच ती घ्यायची. त्यातही एक बारकावा पाहा. फळ खाल्ले की संपते, सुगंध घेतल्याने फूल उणे होत नाही. तरीही आशीर्वाद दोन्हींवर आहे. डोंगरावरचे बहुतेक सुख या दुसऱ्या जातीचे. वारा अंगावर घ्या, पायवाटेने चाला, ओक आणि पाइनच्या सावलीत बसा, खाली पसरलेला समुद्र पाहा. मागून येणाऱ्याच्या वाट्यातले यात काहीच कमी होत नाही.

कमी होते ते आपण तिथले काही उचलतो किंवा आपले काही तिथे टाकतो तेव्हा. एके काळी या देशात हिवाळ्या-वसंतात लोक कलानीत आणि रकेफेतची रानफुले ओंजळी भरभरून तोडून नेत. १९६३ साली राष्ट्रीय उद्याने आणि राखीव वनांचा कायदा झाला. त्यानंतर रानफुले तोडू नका, अशी मोहीम निघाली आणि ती शाळाशाळांतून मुलांपर्यंत पोचली. मुलांनी घरी येऊन आईबापांचा हात धरला. आज फुलांच्या दिवसांत हजारो लोक माळ पाहायला जातात आणि रिकाम्या हाताने, पण भरल्या मनाने परततात. तोडणारा प्रत्येक जण पूर्वी म्हणत असे, “माझ्या एका मुठीने काय होणार?” हिशेब त्याच्या एका मुठीपुरता खराही होता. खोटा ठरला तो एवढ्याचसाठी की प्रत्येक जण तेच म्हणत होता.

फुलाच्या बाबतीत चूक हळूहळू दिसते, निखाऱ्याच्या बाबतीत तेवढा वेळ मिळत नाही. इथे उन्हाळ्यात पाऊस नाहीच. मे-जूनपासून गवत वाळते आणि पाइनच्या राळेला पेट घ्यायला निमित्त पुरते. २०१० साली कोरडे दिवस इतके लांबले की डिसेंबर उजाडला तरी रान वाळलेलेच होते. २ डिसेंबरला कार्मेलवर वणवा लागला आणि ४४ माणसे प्राणास मुकली. पोलिसांच्या तपासात कारण पुढे आले ते निष्काळजीपणाचे. कोणाचे वैर नव्हते. ओकची झाडे मुळापासून पुन्हा फुटली, पाइनच्या बियांतून रोपे उगवली. गेलेली माणसे मात्र परत आली नाहीत.

कोणी म्हणेल, इथे जाळ करू नका, तिथे जाऊ नका, एवढ्या पाट्या असतील तर सहलीत मजा ती काय? आपण शब्बाथ पाळणारे लोक. बाहेरच्याला शब्बाथ म्हणजे मनाईची यादी वाटते. आत राहणाऱ्याला ठाऊक असते की त्या कुंपणामुळेच विसावा टिकतो. विस्तव न पेटवण्याचा नियम तर आपल्याला नवाही नाही. आठवड्यातून एक दिवस आपण तो पाळतोच. उन्हाळ्यातले रान तेवढाच संयम आपल्याकडे मागते.

शिवाय एलियाहूचे उदाहरण आहेच. त्या दुष्काळात कार्मेलवर अग्नी उतरण्याआधी त्याने वेदीवर चार घागरी पाणी तीन वेळा ओतायला लावले. त्याचा हेतू निराळा होता, हे खरे. तरी आपल्यासारख्यांनी त्यातून एवढा साधा धडा घ्यायला हरकत नाही : विस्तवाची गोष्ट काढायची तर पाणी आधी जवळ हवे. जाळ करायचा तो नेमलेल्या जागीच. निघताना निखाऱ्यांवर पाणी ओतायचे, राख हाताला गार लागेपर्यंत उठायचे नाही. कचऱ्याची पिशवी आणली तशी परत न्यायची. खुणेची वाट सोडायची नाही, आणि पाखरे ऐकू येतील इतपत रेडिओ बंद ठेवायचा.

तेव्हा आपला हक्क किती? पाहुण्याचा असतो तितका. पाहुण्याने पोटभर जेवावे, मनमोकळे हसावे, यजमानाला दुवा द्यावा. पण घरातली भांडी उचलून नेऊ नयेत आणि चूल पेटती सोडून जाऊ नये. यंदाच्या सुटीत मुलाबाळांना घेऊन अवश्य डोंगरावर जाऊ या, आणि पाहुण्याची ही रीत त्यांना आपल्या वागण्यातूनच शिकवू या.