खोटे पक्षी

एखादी गोष्ट खोटी आहे हे ठाऊक असूनही तिच्यावर प्रेम करावे काय? हा प्रश्न माझ्यापुढे गेल्या दिवाळीत चकलीच्या ताटाबरोबर आला, आणि तो आणला माझ्या आठ वर्षांच्या नातीने.

मार्टिन डेनी या अमेरिकन पियानोवादकाची ‘एक्झॉटिका’ ही १९५७ सालची तबकडी लावून आरामखुर्चीत पडणे, हा माझा जुना नाद. पियानो संथपणे चालू लागतो, व्हायब्राफोनचे सूर पाण्यावरच्या वलयांसारखे पसरत जातात, आणि मधूनच दाट रानातले पक्षी ओरडतात.

“आजोबा, हे कुठले पक्षी?”

“पक्षी नव्हेत ग, माणसं आहेत ती!”

मग हकीकत सांगणे भागच पडले. हवाई बेटांवर, होनोलुलूच्या एका हॉटेलातील तळ्याकाठी डेनी आणि त्याचे साथीदार वाजवीत असत. एका रात्री तळ्यातले बेडूक वादनाबरोबर ओरडू लागले. वादन थांबले तसे तेही थांबले. वादकांनी थट्टेने तोंडाने पक्ष्यांचे आवाज काढले. पुढे एका श्रोत्याने तेच पक्ष्यांचे आणि बेडकांचे पुन्हा वाजवायला सांगितले, आणि थट्टेची शैली झाली! लेस बॅक्स्टरने १९५१ साली रचलेली ‘क्वाएट व्हिलेज’ ही रचना डेनीने अशीच सजवली. १९५९ साली ती अमेरिकेतील लोकप्रियतेच्या यादीत चौथ्या क्रमांकावर पोचली. पुढे ही लाट ओसरली, पण १९९० नंतर तरुण मंडळींनी हे संगीत जुन्या बाजारातून पुन्हा शोधून काढले.

“म्हणजे सगळं खोटंच?” नात म्हणाली.

मी मनातल्या मनात वकिली सुरू केली. नाटकातल्या तपोवनाचा पडदा रंगवलेला असतो, म्हणून शकुंतलेच्या निरोपाला आलेले आपले अश्रू खोटे ठरतात का? माणसाला न पाहिलेल्या गावाचीही ओढ लागते. दिवसभर हिशेबाच्या वह्यांत मान घातलेल्याला संध्याकाळी एखादे बेट हवेसे वाटले, तर त्यात पाप कसले? हे संगीत टिकले ते त्या ओढीमुळे. शिवाय डेनीच्या साथीदारांपैकी आर्थर लायमन तर हवाईतच जन्मलेला. बेटाचे स्वप्न विकण्यात बेटावरच्या माणसाचेही कसब होते.

पण वकिली इथेच अडखळते. पडद्यावरच्या तपोवनात कोणी राहत नाही. बेटावर माणसे राहतात. तिथल्या राणीचे राज्य १८९३ साली उलथले गेले आणि १८९६ च्या कायद्याने शाळांतून इंग्रजी हीच शिकवण्याची भाषा ठरली. मुलांच्या तोंडची भाषा जात असलेल्या भूमीला आम्ही ‘निवांत खेडे’ समजून डोळे मिटून बसलो होतो. स्वप्न पाहणे हा अपराध नव्हे. स्वप्न पाहिले म्हणजे ते गाव पाहिले, असे समजणे हा अपराध.

“मग तिथले खरे पक्षी कसे ओरडतात?” नातीने विचारले.

इतकी वर्षे तबकडी ऐकली, पण हा प्रश्न मला कधी पडला नव्हता! त्या रात्री मी शोध घेतला. तिथल्या रानात ‘काउआई ओओ’ नावाचा एक पक्षी होता. त्याचा आवाज १९८७ साली शेवटचा ऐकू आला. २०२३ साली तो अमेरिकेच्या सरकारने नामशेष म्हणून जाहीर केला. ध्वनिमुद्रण तेवढे उरले आहे. ते मी तिला ऐकवले. बासरीसारखी साद येते, मध्ये शांतता पडते, पुन्हा साद येते.

नात बराच वेळ कान देऊन बसली. मग हळूच म्हणाली, “आजोबा, याला कुणी ओ का देत नाही?”

मला उत्तर देता आले नाही.

डेनीची तबकडी मी अजूनही लावतो. ती तितकीच गोड लागते. पण तिचे शेवटचे सूर विरले, की नात उठू देत नाही. म्हणते, “आता खरा लावा.”