आंब्यावरची वेणी

झाडावरची एकही आमरी मी कधी तोडली नाही, याचा मला बरीच वर्षं अभिमान होता.

१९९१ च्या ऑक्टोबरात डाक खात्याने आमरीची, म्हणजे ऑर्किडची, सहा तिकिटं काढली. मी तेव्हा अंजूरहून रोज मुंबईला कामाला जायचो. बोरीबंदरच्या जीपीओत फिलाटेलीच्या खिडकीवर उभं राहून अख्खा संच घेतला. रात्री चिमट्याने एकेक तिकीट वहीत लावत होतो. आई शेजारी तांदूळ निवडत बसलेली. एका तिकिटावर एरिडीस क्रिस्पम होतं, आपल्या सह्याद्रीतलंच. पांढऱ्या-गुलाबी फुलांचा लोंबता घोस. आई वाकून म्हणाली, "ही तं आपल्या आंब्याव हाय."

मी हसलो. आपल्या आंब्यावर आहे ते बांडगूळ, असं तिला सांगून टाकलं. ती पुन्हा तांदळाकडे वळली.

त्याच संचात व्हेनुस्टम नावाची आमरी आहे, चपलेच्या आकाराची, पूर्वेकडच्या डोंगरातली. असल्या आमरी शौकिनांनी रानातून उपटून उपटून इतक्या संपवल्या की त्यांचा रानातून देशोदेशी होणारा व्यापार आंतरराष्ट्रीय कराराने बंद करावा लागला. हे वाचलं तेव्हा मला माझा छंद फार निर्मळ वाटला. ते लोक झाड नेतात, मी कागद ठेवतो. माझ्यामुळे कोणाचं काय गेलं?

पुढे अंजूरफाट्याकडून गोदामं सरकत सरकत आमच्या शिवारापर्यंत आली. गंगाजी नाईकांचं गाव म्हणून वसईच्या मोहिमेत नावाजलेलं अंजूर आता कंटेनरवाल्यांना फाट्यापुरतं माहीत. भात परवडत नव्हतं, हे खरंच होतं. भावकीतल्या सगळ्यांनी दिलं, आम्हीही दिलं. खरेदीखतावर माझी सही आहे. बांधावरचा आंबा जमिनीबरोबर गेला. त्याचं वेगळं मोल कोणी धरलं नाही, मीही नाही.

मिरगाच्या तोंडावर आंबा पाडला. मी बघायला गेलो होतो. आडव्या पडलेल्या फांदीवर फुलांचा घोस होता, वीतभर लांब, जांभळ्या ठिपक्यांचा. ती सीतेची वेणी होती. तिकिटावरची नव्हे, पण तिच्याच गणगोतातली. बांडगूळ झाडाच्या आत मुळं घुसवून रस ओढतं. हिची मुळं सालीला नुसती धरून असतात, पाणी पितात ते पावसाचं आणि हवेतलं. फुकट राहणारी, पण घरमालकाचं काही न खाणारी. इतकी वर्षं मी तिला चोर म्हणत आलो होतो.

नाव माहीत नव्हतं, म्हणून दोष नाही, असं मनाला सांगून पाहिलं. पण नाव माहीत नव्हतं ते मला. आईने तर ओळख सांगितली होती, तीही माझ्याच वहीवर वाकून. वहीतलं खरं आणि बांधावरचं खोटं, हे मी ठरवलं. आणि समजा मला नाव ठाऊक असतं, तर सही केली नसती का? केली असती, असं वाटतं. पोरांच्या शिक्षणाला पैसा लागतच होता. मग निदान फांदी तरी उचलून आणली असती. फांदी समोर पडली होती तेव्हाही मी ती उचलली नाही. ट्रॅक्टर उभा होता, लोक बघत होते, फुलासाठी कोण वाकणार?

घरी आल्यावर आईने विचारलं, "ती वेनी कुठं ठेवलीस?" आंबा पडणार म्हटल्यावर मी ती आणणारच, असं तिने धरलं होतं.

मी काहीतरी बोलायचं म्हणून वही काढली, ते पान उघडून तिच्यापुढे धरलं. तिने चष्मा लावला आणि तिकिटावरच्या घोसावरून बोट फिरवायला गेली. माझ्या तोंडून सवयीने निघून गेलं, "हात नको लावूस, डाग पडेल."