पोर्ट बदलला, पण नोंद कुठे आहे?

डेटाबेसचा नेहमीचा पोर्ट बदलला की तो सुरक्षित झाला, ही समजूत अनेक कार्यालयांत घट्ट रुजलेली आहे. मायएसक्यूएलचा ३३०६, पोस्टग्रेसचा ५४३२, एसक्यूएल सर्व्हरचा १४३३ हे आकडे जगजाहीर. म्हणून भलताच आकडा दिला की काम झाले, असे मानले जाते. माझ्या मते हे संरक्षण फार तोकडे आहे, आणि त्याची किंमत रोजच्या स्वयंचलित कामांना मोजावी लागते.

पोर्ट एकूण ६५,५३६. त्यातला उघडा पोर्ट शोधणे यंत्राला जड नाही. मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१३ मध्ये मांडलेले झेडमॅप हे साधन एकाच संगणकावरून, एका पोर्टसाठी, आयपीव्ही४चे सारे सार्वजनिक जाळे पाऊण तासाच्या आत धुंडाळू शकत होते. जानेवारी २००३ मधल्या स्लॅमर या संगणकी किड्याचे (वर्मचे) उदाहरण तर आणखी बोलके. त्याने एसक्यूएल सर्व्हरला गाठले ते यूडीपी १४३४ वरून. कोणता डेटाबेस कोणत्या पोर्टवर आहे, हे सांगणारी सेवा तिथेच ऐकत असते. नुसता १४३३ बदलून त्यापासून बचाव होणे शक्य नव्हते. बचाव होता तो सहा महिने आधीच उपलब्ध झालेल्या दुरुस्तीत.

पोर्ट बदलण्याची रास्त कारणेही आहेत. एकाच यंत्रावर पोस्टग्रेसच्या दोन आवृत्त्या चालवायच्या तर दुसरीला ५४३३ सारखा वेगळा पोर्ट द्यावा लागतो. शिवाय आंधळेपणाने येणाऱ्या धडका कमी होतात आणि लॉग वाचण्याजोगा राहतो. पण कारण कोणतेही असो, बदललेला आकडा ही आता एक माहिती झाली, आणि ती प्रत्येक जोडणीपर्यंत पोचवणे ही जबाबदारी झाली.

माणूस अडला तर शेजारच्याला विचारतो. रात्री चालणारी स्क्रिप्ट विचारत नाही. पोर्ट सांगितला नसेल तर ती मुकाट्याने ठरलेला आकडा धरते. ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ आले तर नशीबच म्हणायचे, कारण निदान चूक दिसते. जुना सर्व्हर ५४३२ वर अजून चालू असेल आणि पासवर्डही तोच असेल, तर जोडणी यशस्वी होते, नोंदी जुन्या डेटाबेसात पडत राहतात आणि अहवालात सारे हिरवे दिसते.

बारकावेही कमी नाहीत. लिनक्सवर मायएसक्यूएलच्या क्लायंटला ‘लोकलहोस्ट’ सांगून ३३०७ दिला, तरी तो सहसा सॉकेटवरून जोडतो आणि पोर्टकडे पाहतही नाही; दिलेला पोर्ट धरला जावा म्हणून १२७.०.०.१ लिहावे. मायक्रोसॉफ्टच्या बहुतेक साधनांत सर्व्हरच्या नावापुढे पोर्ट स्वल्पविरामाने जोडतात, तर जावाच्या जोडणीत अपूर्णविरामाने. असे तपशील एखाद्या अनुभवी सहकाऱ्याच्या डोक्यात असतात आणि तो नोकरी सोडताना सोबत घेऊन जातो.

म्हणून पोर्ट एकाच ठिकाणी लिहावा: बदलांचा इतिहास राहील अशा कॉन्फिगरेशनमध्ये, बदलाच्या कारणासह. पासवर्ड मात्र त्यापासून वेगळा, सुरक्षित जागी ठेवावा. प्रत्येक स्वयंचलित कामाने पोर्ट स्पष्ट मागावा. तो मिळाला नाही तर अंदाज न बांधता थांबावे. लिहायला सुरुवात करण्यापूर्वी समोरच्या डेटाबेसाचे नाव आणि आवृत्ती पडताळावी. संरक्षणासाठी फायरवॉलमधून मोजक्याच यंत्रांना वाट द्यावी, जोडणी टीएलएसने कूटबद्ध करावी, खात्याला लागतील तेवढेच अधिकार द्यावेत आणि दुरुस्त्या वेळेवर बसवाव्यात. एवढे करणार असाल तर पोर्ट खुशाल बदला. नसाल, तर नवा आकडा हल्लेखोराला थोडा वेळ आणि तुमच्याच सहकाऱ्यांना फार काळ चकवत राहील.