यादीबाहेरचं पोट

बहिष्कार म्हणजे काय ते आपल्याला पुस्तकातून शिकायला नको. दुकानदार मीठ देत नाही, चक्कीवाला दळण घेत नाही. पण एखादा बहिष्कार साठ वर्षांवर टिकतो कसा? क्युबाबद्दल वाचताना हा सवाल माझ्या डोक्यात बसला तो बसलाच.

फेब्रुवारी 1962 मध्ये अमेरिकेच्या केनेडीनं क्युबाशी व्यापार तोडला. त्याआधी 1960 मध्येच मॅलरी नावाच्या सरकारी अधिकाऱ्यानं कागदावर मांडलं होतं : तिथले बहुसंख्य लोक कास्त्रोच्या बाजूचे आहेत, तेव्हा पैसा तोडा, माल तोडा, भूक आणा. भूक आली. कास्त्रो पडला नाही. 1991 मध्ये सोव्हिएत युनियनच संपलं. ज्याची भीती दाखवत होते तेच गेलं. मग फास सैल व्हायला हवा होता. तो उलट आवळला.

कारण साधं. फ्लोरिडा राज्यात ज्याला एक मत जास्त, त्याच्या खिशात त्या राज्याची सगळी अध्यक्षीय मतं. 2000 साली तिथला फरक निघाला 537 मतांचा, आणि त्यावर अख्ख्या देशाचा अध्यक्ष ठरला. क्युबातून परागंदा झालेले लोक तिथंच, मायामीत, एकगठ्ठा.

1992, निवडणुकीचं साल. क्लिंटननं मायामीत जाऊन व्यापारबंदी कडक करणाऱ्या विधेयकाला पाठिंबा दिला. मग थोरल्या बुशनंही ऑक्टोबरात त्यावर सही ठोकली. 1996, पुन्हा निवडणूक. क्युबानं परागंदांची दोन विमानं पाडली, चार माणसं मेली. महिन्याच्या आत हेल्म्स-बर्टन कायदा झाला. आता एकट्या अध्यक्षाला बंदी उठवता येत नाही. त्याच नोव्हेंबरात क्लिंटननं फ्लोरिडा जिंकलं. 2024 मध्ये ट्रम्पनं ते सुमारे 13 टक्क्यांनी घेतलं, म्हणजे तिथली चुरसही गेली. कायदा मात्र तिथंच.

परागंदांचं दुःख खोटं नाही. त्यांची घरं, धंदे जप्त झाले. क्युबाचं सरकारही धुतल्या तांदळासारखं नाही. जुलै 2021 मध्ये रस्त्यावर उतरलेल्यांना त्यानं तुरुंगात कोंबलं. पण सरकारच्या गुन्ह्याची सजा हवानात रेशनच्या रांगेत उभ्या बाईनं का भोगायची? तिला मायामीत मत नाही. घरी एकच पक्ष. 2024 मध्ये संयुक्त राष्ट्रांत 187 देश बंदीच्या विरोधात गेले, बाजूनं दोनच. ती मतं मोजली गेली, चालली नाहीत.

मग गुन्हेगार कोण? पुढारी म्हणतो, मतदारांना हवंय. मतदार म्हणतो, मी फक्त शिक्का मारला. बाकीच्या अमेरिकेला काही पडलेलं नाही. ज्याला पडलेलं नाही तो यावर मत ठरवत नाही. ज्याला पडलंय तो एवढ्यावरच ठरवतो. म्हणून मूठभरांचा राग कायदा होतो आणि कुणाचेच हात काळे दिसत नाहीत.

मला वाटतं, हात सगळ्यांचे काळे आहेत. मोजणी बरोबर निघाली म्हणजे न्याय झाला असं नाही. मतदार यादीत ज्याचं नाव नाही त्याचं पोट ज्या मतानं मारलं जातं, त्या मताचा जाब देणाऱ्यालाच द्यावा लागेल. गप्प बसलेल्यालाही.

आपणही मतांची ताकद बांधायला निघालोय. बांधायलाच हवी. पण ती हातात आल्यावर पहिला सवाल आपणच आपल्याला घालायचा : हिचा भार कुणाच्या पोटावर पडतोय, आणि त्याचं नाव यादीत आहे का?