उद्गार हेही शब्दच

शाळेच्या व्याकरणात शब्दांच्या आठ जाती शिकवतात. त्यांत केवलप्रयोगी अव्यय सर्वांत शेवटी येते. ‘अबब’, ‘अरेच्चा’, ‘छे’, ‘वा’ अशी चार उदाहरणे दिली की धडा संपतो. या घाईमागे जुना समज आहे : उद्गार म्हणजे भावनेच्या भरात निसटलेला नुसता आवाज. भाषाशास्त्रज्ञ माक्स म्युलर यांनी १८६१ साली लंडनमधल्या व्याख्यानांत सांगितले, की उद्गार संपतात तिथून भाषा सुरू होते.

हा समज टिकत नाही. ‘अय्या’ आणि ‘अगबाई’ हे उद्गार परंपरेने बायकांच्या तोंडचे. पुरुषाने काढले तर लोक चमकून बघतात. आपोआप निघणारा आवाज असा स्त्री-पुरुषांत वाटला गेला नसता. ‘अबब’ला समोर काहीतरी प्रचंड लागते, तर ‘अरेच्चा’ला भलतेच काही घडलेले चालते. आश्चर्याच्या या जाती मूल घरात ऐकून शिकते.

हळहळताना आपण जीभ दातांमागे टेकवून ‘च्च्’ करतो. हाच आवाज ग्रीक आणि तुर्की माणूस ‘नाही’ सांगायला वापरतो, आणि दक्षिण आफ्रिकेच्या झुलू व खोसा भाषांत तो रोजच्या शब्दांतले साधे व्यंजन आहे. आवाज तोच, पण त्याचे काय करायचे हे प्रत्येक समाजाने आपापले ठरवले.

साम्य दिसते तिथेही भाषाच काम करत असते. नीट ऐकू आले नाही की आपण ‘आँ?’ म्हणतो. भाषावैज्ञानिक मार्क डिंगेमान्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ साली ३१ भाषांत या प्रश्नाची रूपे तपासली. ती विलक्षण सारखी निघाली, कारण बोलणे अडले असता कमीत कमी श्रमात, चटकन विचारता येईल असा शब्द सगळीकडेच लागतो. तरीही आइसलँडिक भाषेत त्याचा सूर उतरता असतो, कारण तिथे प्रश्नच तसे विचारतात. म्हणजे हा इवलासा शब्दही आपापल्या भाषेचे नियम पाळतो.

संस्कृतचा वैयाकरण पाणिनी याने हे भान राखले होते. अष्टाध्यायीच्या पहिल्याच अध्यायात एका स्वराच्या निपाताला (उद्गारासारख्या अव्ययाला), एक अपवाद वगळता, त्याने संधीतून सूट दिली. त्यामुळे ‘इ’ हा उद्गार पुढच्या ‘इ’त मिसळत नाही, वेगळा ऐकू येतो. एका स्वराच्या उद्गारासाठी स्वतंत्र सूत्र करणारा वैयाकरण त्याला भाषेबाहेर मानत नव्हता.

आपण मात्र मुलाखती कागदावर उतरवताना ‘हं’, ‘अगं’, ‘छे’ आधी गाळतो. अनुवादात आणि चित्रपटांच्या उपशीर्षकांतही हेच घडते. माणसाने गोष्ट मान्य केली, सहन केली की नुसती ऐकून घेतली, हे त्या एका ‘हं’वरून कळते; तो गेला की साक्षच बदलते. बोलींचे संकलन करणाऱ्यांनी हे शब्द सुरासकट ध्वनिमुद्रित करावेत. कोशकारांनीही ‘आश्चर्यदर्शक’ एवढ्यावर न थांबता कोण, कोणाशी, कोणत्या प्रसंगी तो उद्गार काढतो हे नोंदवावे. सभ्यतेच्या नावाखाली हे शब्द पुसणे म्हणजे बोलणाऱ्याचे म्हणणे अर्धवट नोंदवणे होय.