मुलुखाचें नांव कोणाचें?

मनुष्याचें नांव त्याच्या घरचीं माणसें ठेवतात. मुलुखाचें नांव पुष्कळदां परके ठेवतात. तें कसें वापरावें, हा प्रश्न वरवर भाषेचा दिसला तरी मुळांत नीतीचा आहे.

कोठें अंदाधुंदी दिसली कीं ‘ही काय मोगलाई आहे?’ असें आपण सहज विचारतों. परंतु मोगलाई हें एका मुलुखाचेंही नांव होतें. हैदराबादच्या निजामाचा मूळ पुरुष मोगलांचा सुभेदार. म्हणून पुण्यासाताऱ्याकडील लोक त्याच्या राज्यास मोगलाई म्हणत. मुलूख आणि गैरकारभार हे दोन्ही अर्थ अशा रीतीनें एकाच शब्दांत नांदले. ज्यांनीं तो कारभार सोसला, त्यांच्याच अंगास त्याचा डाग लागला!

घरच्या माणसाचें बोलणें निराळें असतें. जालन्याचा रहिवासी गांवांत स्वतःस जालन्याचाही म्हणवीत नाहीं. कुंडलिकेच्या एका तीरावरचा असेल तर जुन्या जालन्याचा, दुसऱ्या तीरावरचा असेल तर नव्या जालन्याचा. जवळचा मनुष्य नांवानें भेद दाखवितो, दूरचा तो पुसतो. यांत दूरच्याचा मोठासा अपराध नाहीं. जालनेकरही चिपळूण आणि सावंतवाडी यांस सरसकट कोंकण म्हणून मोकळा होतोच. अपराध घडतो तो नांवाचा निवाडा होतो तेव्हां.

मोठें नांव घरच्या माणसासही हवें असतें, पण निराळ्या कारणासाठीं. निजामी राज्यांतील मराठी भाषिकांच्या महाराष्ट्र परिषदेचें पहिलें अधिवेशन १९३७ सालीं परतूरला भरलें. परतूर तेव्हां परभणी जिल्ह्यांत होतें. १९८१ पासून तें जालना जिल्ह्यांत आहे. शेजारी ज्यांस मोगलाईंतले म्हणत, त्यांनीं आपल्या सभेस महाराष्ट्राचें नांव दिलें. त्या नांवाचें राज्य व्हावयास अजून तेवीस वर्षें होतीं. परक्याच्या तोंडीं नांव हें वर्णन होतें. यांच्या तोंडीं ती प्रतिज्ञा झाली.

१७ सप्टेंबर १९४८ रोजीं निजामी अंमल संपला. खोड मात्र गेली नाहीं. आतां ‘मराठवाडा’ म्हटलें कीं बाहेरच्यास दुष्काळ आणि मागासलेपणा एवढेंच आठवतें. २०१२-१३ चा दुष्काळ जालन्यास फार जाचला, हें खरेंच. पण त्याच जालन्याचें बियाणें दूरदूरच्या शेतांत पेरलें जातें आणि तेथील मोसंबी परगांवच्या बाजारांत नांवाजली जाते, हें त्या उच्चारांत कोठें असतें?

मग बाहेरच्यानें मुलुखाचे दोष बोलूंच नयेत काय? अवश्य बोलावेत, पण दोष पावसाचा असेल तर पावसाचा म्हणावा, कारभाराचा असेल तर कारभाराचा. तो नांवास चिकटविणें म्हणजे तेथें जन्मलेल्या प्रत्येकास चौकशीवांचून दोषी ठरविणें होय. उलट, घरच्या माणसानेंही त्याच नांवाची ढाल करून आपला आळस झांकूं नये. दोघांसही कसोटी एकच: त्या मुलुखाचा मनुष्य समोर बसला असतां ज्या स्वरांत त्याच्या मुलुखाचें नांव घेववेल, त्याच स्वरांत तें त्याच्या पाठीमागें घ्यावें.