योग, क्षेम आणि सातबारा

एका पारड्यात पैसा आणि संधी, दुसऱ्यात सुखाने जगणे. परदेशी जायचे की नाही, याचा विचार बहुधा असाच मांडला जातो. या दोन्ही पारड्यांना सामावून घेणारा एक जुना शब्द आहे: योगक्षेम. जे हाती नाही ते मिळवणे म्हणजे योग आणि जे हाती आहे ते राखणे म्हणजे क्षेम, अशी त्याची फोड शंकराचार्यांनी गीतेच्या नवव्या अध्यायातील एका श्लोकावरील भाष्यात केली आहे. आयुर्विमा महामंडळाने आपले ब्रीद त्याच श्लोकातून उचलले, त्यामुळे गीता न वाचलेल्या घरातही हा शब्द पॉलिसीच्या कागदावरून पोचला आहे. गीतेत भक्ताचा योगक्षेम देव वाहतो. कठोपनिषदात मात्र यम नचिकेत्याला सांगतो, की मंदबुद्धी माणूस श्रेयस (हिताचे) सोडून प्रेयस (आवडीचे) निवडतो, तो योगक्षेमाच्या लोभानेच. परंपरेचे उत्तर एकच आणि ठरलेले आहे, असे म्हणण्याची सोय यामुळे राहत नाही. अर्थ हा चार पुरुषार्थांपैकी एक आहे, त्याला कोणी पाप म्हटलेले नाही.

बृहदारण्यकोपनिषदातली मैत्रेयीची कथा इथे अधिक जवळची. याज्ञवल्क्य घर सोडून निघाला आहे आणि कात्यायनी व मैत्रेयी या दोन्ही बायकांत मालमत्तेची वाटणी करून देतो आहे. मैत्रेयी विचारते, सगळी पृथ्वी धनाने भरून मला मिळाली तर मी अमर होईन का? तो म्हणतो, नाही, साधनसंपन्न माणसे जगतात तसे तुझे जगणे होईल, एवढेच. अमर्त्य सेन यांनी 1999 च्या आपल्या विकासविषयक ग्रंथात हीच कथा घेऊन पैसा आणि जगण्याची कुवत यांतले अंतर दाखवले. एक गोष्ट सहसा नजरेतून सुटते. हा प्रश्न निघाला तो घरातला एक जण निघताना, वाटणीच्या वेळी, आणि विचारला तो मागे राहणारीने.

कोल्हापूर जिल्ह्यातील पन्हाळा तालुक्यातल्या कोडोलीत हा प्रश्न अजूनही साधारण त्याच वेळी निघतो. गाव उसाचे आणि दुधाचे. दक्षिणेला जोतिबाचा डोंगर, उत्तरेला वारणा नदी. शेजारच्या माळावर तात्यासाहेब कोरे यांनी 1950 च्या दशकात सहकारी साखर कारखान्याचा घाट घातला. पुढे दूध संघ झाला, बझार झाला आणि 1983 मध्ये अभियांत्रिकी महाविद्यालय निघाले. 1998 मध्ये केंद्र सरकारने परिसरातली सुमारे 70 गावे संगणकाने जोडण्याचा प्रकल्प हाती घेतला तोही इथेच. माणसाने संधीकडे जाण्याऐवजी संधीच माणसाच्या दारात आणायची, असे हे सहकाराचे उत्तर होते. शेतकऱ्याच्या बाबतीत ते बरेच खरे ठरले. पण गावाजवळ शिकून अभियंता झालेल्या पोराला शोभेल असे काम पुण्यात, बंगळुरात किंवा त्याही पलीकडे असते. ज्या शाळा-कॉलेजांनी गावात संधी आणली, त्यांनीच बाहेरची वाटही रुंद केली, आणि यात त्यांचा दोष काढण्यासारखे काही नाही.

बाहेर जाणे कधीकाळी धर्माचा प्रश्न होता. समुद्र ओलांडणे कलिवर्ज्यांत, म्हणजे कलियुगात निषिद्ध मानलेल्या गोष्टींत, मोडे, परतणाऱ्याला प्रायश्चित्त घ्यावे लागे. कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज 1870 मध्ये इंग्लंडहून परतताना 30 नोव्हेंबरला फ्लॉरेन्समध्ये वारले. वय अवघे 20. आर्नो आणि मुन्योने या नद्यांच्या संगमावर त्यांचे हिंदू रीतीने दहन झाले, आणि त्या जागी उभारलेल्या छत्रीखाली त्यांचा रंगीत अर्धपुतळा आजही आहे. परक्या मुलखात आपला शेवट कोण करील, ही धास्ती त्या काळी पोकळ नव्हती. आजही ती कुठल्याच देशाच्या निर्देशांकात मोजली जात नाही.

पुढच्याच पिढीत आनंदीबाई जोशी डॉक्टर व्हायला अमेरिकेला निघाल्या. त्यांचे पती गोपाळराव कोल्हापुरात पोस्टाच्या नोकरीत असताना त्यांनी अमेरिकन मिशनरी वाइल्डर यांना पत्र लिहिले. वाइल्डर 1852 मध्ये कोल्हापुरात आले होते. पुढे वाइल्डर यांच्या प्रेस्बिटेरियन मिशनचे एक ठाणे कोडोलीत झाले. वाइल्डर यांच्या मासिकात छापलेले ते पत्र न्यू जर्सीतल्या कार्पेंटरबाईंनी वाचले आणि वाट उघडली. 1883 मध्ये बंगालातल्या (नगरच्या नव्हे) श्रीरामपुरात केलेल्या भाषणात आनंदीबाईंनी सांगितले, की त्या हिंदू म्हणूनच जाणार आणि हिंदू म्हणूनच परत येऊन आपल्या माणसांत राहणार. डॉक्टरीची पदवी मिळाली, कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड इस्पितळात नेमणूकही ठरली. पण त्या परतल्या त्या आजारी होऊन आणि 26 फेब्रुवारी 1887 रोजी पुण्यात वारल्या. योग साधला, क्षेम हातचा गेला. त्यांना स्वतःला हा सौदा तोट्याचा वाटला असता, असे मात्र त्यांच्या भाषणावरून वाटत नाही.

पैसा तिकडे आणि सुखाचे जगणे इकडे, ही वाटणी सगळ्यांना सारखी लागू पडत नाही. बाबासाहेब आंबेडकर 1913 मध्ये कोलंबिया विद्यापीठात गेले. त्या परदेशातल्या वर्षांत आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच पुसली गेली होती, असे त्यांनी नंतर लिहून ठेवले आहे. 1917 मध्ये बडोद्याला नोकरीवर आले तर राहायला जागा मिळेना. त्यांच्या दृष्टीने सुखाचे जगणे परदेशातच होते आणि संधीही तिथेच होती. तरी ते परतले, आणि मार्च 1920 मध्ये कोल्हापूर संस्थानातल्या माणगावच्या परिषदेत शाहू महाराजांसमवेत उभे राहिले. गावच्या मोकळ्या हवेचे गोडवे गाताना ही हवा कोणाला मोकळी होती, हे विचारणे भाग आहे. कोडोलीत मिशनची शाळा आणि दवाखाना ज्यांच्या दारी आला त्यांच्यातल्या अनेकांच्या बाबतीत परका देशच चालत गावात आला होता.

आजचे हिशेब आकड्यांत होतात. पहिली चूक डॉलरला रुपयांनी गुणण्याची. मिळकत डॉलरमध्ये असते तसा खर्चही डॉलरमध्येच असतो. दुसरी चूक देशांच्या क्रमवारीवर विसंबण्याची. 2024 च्या जागतिक आनंद अहवालात भारत 126 वा होता, पण तो आकडा कोडोलीतल्या कुठल्याही एका घराचा नाही. आणि सकल राष्ट्रीय आनंद ही कल्पना जगाला देणाऱ्या भूतानमधूनच गेल्या काही वर्षांत तरुणांची रीघ ऑस्ट्रेलियाकडे लागली आहे. व्हिसाच्या अटी मात्र थेट रोजच्या जगण्याला भिडतात. अमेरिकेत कायम वास्तव्याचे ग्रीन कार्ड देताना एका देशाच्या वाट्याला वर्षाच्या कोट्यातील 7 टक्क्यांची मर्यादा आहे, म्हणून भारतीयांची रांग वर्षानुवर्षे सरकत नाही. तोवर मूल 21 वर्षांचे झाले तर आई-वडिलांच्या अर्जातून त्याचे नाव गळू शकते. आखातात पगार चांगला, पण राहण्याचा परवाना बहुतेकांच्या बाबतीत नोकरीला बांधलेला.

सगळ्यात अवघड हिशेब वेगळाच आहे. योग एकाचा असतो, क्षेम घराचा. संध्याकाळी कोडोलीतली म्हातारी डेअरीला दूध घालून, फॅट किती लागली ते पाहून घरी येते, तेव्हा न्यू जर्सीत सकाळ असते आणि फोन वाजतो. पोरगा पैसे पाठवतो, त्यातून गोठ्याला पत्रा पडतो, दवाखाना भागतो. म्हशीची वैरण मात्र फोनवरून कापता येत नाही. ते काम भावकीतला कोणीतरी करतो, आणि त्याच्या कष्टाची नोंद कोणत्याच देशाच्या उत्पन्नात नसते. निवड करणाऱ्याने विचारायला हवे ते हे: मिळवणार कोण आणि राखणार कोण? दोन्ही उत्तरे घरात मोकळेपणी बोलली गेली असतील तर जाणे आणि राहणे, दोन्ही सारखेच सन्मानाचे.

कायद्याने मात्र एक रेघ स्पष्ट ओढली आहे. भारतात दुहेरी नागरिकत्व नाही. 2022 मध्ये 2,25,620 जणांनी भारतीय नागरिकत्व सोडले. परदेशी नागरिक झालेल्यांना 2005 पासून मिळणाऱ्या ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्डावर ये-जा करता येते, मतदान करता येत नाही. आणि अनिवासी भारतीय असो की ओसीआय कार्डधारक, सातबाऱ्यावर वारसाने नाव लागू शकते, पण शेतजमिनीचा एक गुंठाही त्याला विकत घेता येत नाही.